रेल्वेचे मोठे प्रकल्प आणि वाटेतले रहिवासी: मोबदल्याखेरीज काय देणे लागते?

दांडियाबाजारकर

मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचे खांब वडोदऱ्याच्या ऐन वस्तीतून उभे राहिले आहेत, मालगाड्यांचा स्वतंत्र पश्चिम मार्ग शहराजवळून गेला आहे आणि डभोईकडच्या जुन्या नॅरोगेजचे रुंदीकरण होऊन जानेवारी २०२१ पासून गाड्या थेट केवडियापर्यंत जाऊ लागल्या आहेत. एवढी मोठी कामे आपल्या दारात होत असताना त्यांच्या वाटेत राहणाऱ्या माणसांशी कसे वागावे, यावर आपण सविस्तर बोलावे, म्हणून हा विषय मांडतो. प्रकल्प हवा की नको, हा येथे प्रश्न नाही. मला तो हवा आहे.

माझे म्हणणे असे, की मोबदल्याचा दर हा या प्रश्नाचा एक भाग असताना आपण तोच संपूर्ण प्रश्न मानून बसलो आहोत. बाधित कोणाला म्हणायचे, त्याला कधी आणि काय सांगायचे, आणि काम चालू असताना शेजारच्या घरांची जबाबदारी कोणी घ्यायची, या गोष्टी दराइतक्याच महत्त्वाच्या आहेत आणि नेमके त्याच बाबतीत आपल्याकडे सगळे ढिले आहे.

दराचे आधी बोलून घेतो. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यानुसार शहरी जमिनीला बाजारमूल्य आणि तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे दुप्पट, आणि ग्रामीण भागात शहरापासूनच्या अंतराप्रमाणे वाढत जाऊन जास्तीत जास्त चौपट मोबदला मिळतो. हे भरघोस वाटते, परंतु दुप्पट किंवा चौपट कशाच्या, ते पाहावे लागते. गुजरातेत २०११ साली ठरलेली जंत्री, म्हणजे जमिनीचे सरकारी दरपत्रक, १५ एप्रिल २०२३ पर्यंत तशीच राहिली आणि त्या दिवशी तिच्यातले जमिनीचे दर दुप्पट करण्यात आले. द्रुतगती रेल्वेच्या जमिनीच्या नोटिसा निघाल्या त्या २०१८ च्या सुमारास. कायद्यात आसपासच्या खरेदीखतांची सरासरीही पाहायची असते हे खरे, पण आपल्याकडे पुष्कळशी खरेदीखते जंत्रीच्याच आसपासच्या आकड्याने नोंदवली जातात, हे कोणाला वेगळे सांगायला नको. जो आकडा पुढे एका दिवसात दुप्पट करावा लागला, त्याच आकड्यावर ज्यांची जमीन गेली त्यांना आपल्यावर अन्याय झाला असे वाटले, तर त्यांना प्रगतीचे विरोधक म्हणणे मला पटत नाही. शंभराहून अधिक याचिका गुजरात उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी फेटाळल्या आणि संपादन वैध ठरवले. तो निर्णय मला मान्य आहे. कायद्यात बसणाऱ्या गोष्टीतही चांगले आणि वाईट वागणे असते, आणि मी त्याविषयी लिहितो आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ५०८ किलोमीटरच्या या मार्गाचा बहुतेक भाग उंच पुलावरून जातो, त्यामुळे साध्या रेल्वेमार्गाला जिथे सुमारे ३६ मीटर रुंद पट्टा लागतो तिथे येथे साडेसतरा मीटर पुरतो. प्रकल्पाच्या बाजूने ही मोठी जमेची गोष्ट आहे, कारण तेवढी कमी घरे पडतात. परंतु याचा दुसरा परिणाम असा, की जी घरे पूर्वी पट्ट्यात येऊन मोबदल्याला पात्र झाली असती ती आता पट्ट्याच्या अगदी कडेला उरतात. त्यांची एक वीटही जात नाही, म्हणून कागदोपत्री ती बाधित नाहीत. रात्रीची यंत्रे, वळवलेला रस्ता, धूळ, बुजलेली कांस (पाण्याचा नाला) आणि भिंतींना गेलेले तडे मात्र त्यांच्याच वाट्याला येतात. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती मोजायला किती ठिकाणी कोणी येते, ते अशा कामाशेजारी राहणाऱ्याला विचारावे.

दुसरा वर्ग भाडेकरूंचा. रेल्वेच्या एका कामात जुन्या चाळीचा रस्त्याकडचा भाग गेला, तो मी जवळून पाहिला आहे. तिथे जिन्याखाली इस्त्रीचे दुकान होते. दुकान कसले, एक लाकडी टेबल, कोळशाची इस्त्री, वर टांगलेली तार आणि तारेवर प्रत्येक घराच्या नावाची चिठ्ठी टाचलेली गाठोडी. त्या माणसाची सगळी कमाई आजूबाजूच्या चार गल्ल्यांत होती, कारण इस्त्रीचे कपडे घेऊन कोणी दोन किलोमीटर जात नाही. जागेचे पैसे मालकाला मिळाले, ते योग्यच झाले. २०१३ च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात विस्थापित कारागीर आणि लहान व्यापारी यांच्यासाठी एकरकमी साहाय्य आहे आणि त्याची किमान मर्यादा २५,००० रुपये आहे. ही रक्कम २०१३ सालची. तेवढीही त्याला मिळाली नाही, कारण यादी करायला आलेल्या माणसांनी जिन्याखालची जागा हे दुकान धरलेच नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. बाधितांची यादी जमिनीच्या उताऱ्यावरून न करता दारोदार फिरून, कोण कुठे राहतो आणि कशावर जगतो ते लिहून करावी. कामाच्या आधी शेजारच्या प्रत्येक इमारतीची पाहणी रहिवाशाच्या समक्ष व्हावी. आणि प्रत्येक टप्प्यावर निर्णय घेण्याचा अधिकार असलेला एक अभियंता असा असावा, की ज्याला त्या वस्तीतली माणसे चेहऱ्याने ओळखतात.

स्थापत्य_निवृत्त

दांडियाबाजारकर यांची तळमळ मला समजते, परंतु त्यांच्या मागण्यांची किंमत कोण मोजणार, हे त्यांनी लिहिलेले नाही. माझा उमेदीचा काळ पूल आणि मार्ग बांधण्यात गेला, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

या द्रुतगती मार्गाच्या पुलाची ४० मीटर लांबीची अखंड तुळई (गर्डर) सुमारे ९७० टन वजनाची असते. ती कामाच्या कारखान्यात ओतून तयार करतात आणि आधी बसवलेल्या पुलाच्या पाठीवरूनच वाहून पुढे नेतात, कारण एवढे वजन गावातल्या रस्त्याने नेताच येत नाही. याचा अर्थ असा, की मधला एक प्लॉट ताब्यात नसेल तर काम तेवढ्या जागेपुरते थांबत नाही, त्याच्या पुढचे सगळे थांबते. यंत्रे भाड्याने चालू असतात, मजुरांची छावणी चालू असते आणि कंत्राटदार दिवसाच्या हिशेबाने नुकसानभरपाई मागतो. जपानचे कर्ज ०.१ टक्का व्याजाचे आणि ५० वर्षांत फेडायचे आहे म्हणून लोक पैसा स्वस्त समजतात. कर्ज स्वस्त असले तरी विलंब स्वस्त नसतो, आणि त्याचा भार तुमच्याआमच्या करातूनच जातो. १.०८ लाख कोटींचा मूळ अंदाज धरलेल्या प्रकल्पात दोन-चार वर्षांच्या विलंबाने जो खर्च वाढतो, त्यातून किती इस्त्रीवाल्यांची दुकाने उभी राहिली असती, याचाही विचार व्हावा.

दारोदार यादी करा म्हणणे सोपे आहे. मी अशा याद्या होताना पाहिल्या आहेत. मार्गाची आखणी बाहेर फुटली, की रिकाम्या शेतात पंधरवड्यात पत्र्याच्या शेड उभ्या राहतात, हातभर अंतरावर आंब्याची कलमे लागतात आणि जिथे कधी कोणी राहिले नाही तिथे तीन-तीन कुटुंबे निघतात. अशा वेळी जो प्रामाणिक आहे त्याचाच हक्क गर्दीत बुडतो. उतारा हा अपुरा पुरावा असेल, पण तो खोटा उभा करणे कठीण असते, आणि सरकारी पैसा वाटायचा तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

तड्यांबद्दलही असेच. हल्ली खांबांचे पाये भोक पाडून ओततात, पूर्वीसारखे घणाने ठोकत नाहीत, त्यामुळे कंपने पुष्कळ कमी असतात. आपल्या रावपुरा-मांडवीकडच्या चुना-विटांच्या घरांना दर पावसाळ्यात नवे तडे जातातच. शेजारी काम सुरू झाले, की आजोबांच्या काळचे तडेही रेल्वेच्या नावावर लागतात.

वाडीतला_वकील

वरील दोन्ही मतांत जे सुटले आहे ते कायद्याच्या अंगाने सांगतो.

बनावट दावेदारांची भीती खरी आहे. परंतु ती टाळण्याचा उपाय २०१३ च्या कायद्यातच होता आणि तो आपण काढून टाकला. संपादनापूर्वी सामाजिक परिणामांचे मूल्यांकन करायचे, म्हणजे त्या दिवशी तिथे कोण राहतो, कोण कसतो, कोणाचा धंदा आहे, हे नोंदवून जाहीर सुनावणी घ्यायची, अशी ती तरतूद होती. गुजरात सरकारने २०१६ च्या दुरुस्तीने कलम १०-अ घालून अनेक प्रकारच्या सार्वजनिक प्रकल्पांना त्यातून सूट देण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला, आणि द्रुतगती रेल्वेलाही ती सूट लागू झाली. उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध धरली, त्यावर माझी तक्रार नाही. स्थापत्य_निवृत्त यांना माझे एवढेच विचारणे आहे, की जी पाहणी वेळेवर झाली असती तर नंतर उभ्या राहिलेल्या शेडी आपोआप बाद झाल्या असत्या, ती पाहणी वगळायची आणि मग यादीवर विश्वास नाही म्हणायचे, हे कसे?

शिवाय कायद्यात बाधित कुटुंबाची व्याख्या उताऱ्यापुरती मर्यादित नाही. संपादनाच्या आधी किमान तीन वर्षे त्या भागात शेतमजूर, कूळ, भाडेकरू, कारागीर म्हणून जे जगत आले आणि ज्यांचे उपजीविकेचे मुख्य साधन जाते, ते सगळे तिच्यात येतात. तेव्हा दांडियाबाजारकर यांची पहिली मागणी नवी नाही. कायद्यात लिहिलेलीच आहे. तसेच कलम ३८ प्रमाणे मोबदला आणि पुनर्वसनाची रोख रक्कम दिल्याशिवाय जिल्हाधिकाऱ्याला ताबा घेता येत नाही. मोबदल्यासाठी निवाड्यापासून, म्हणजे रक्कम ठरवणाऱ्या आदेशापासून, तीन महिने आणि पुनर्वसनाच्या रकमेसाठी सहा महिने अशी मुदत आहे. निवाडा कमी वाटला तर वाढीव रकमेसाठी सहा आठवड्यांत अर्ज करता येतो, आणि ही मुदत बहुतेकांना माहीत नसते. माझ्याकडे येणारी निम्मी माणसे ती उलटल्यावर येतात.

विलंबाबद्दल एक गोष्ट नोंदवतो. या प्रकल्पात जमिनीवरून सर्वांत गाजलेला वाद मुंबईच्या विक्रोळीतल्या गोदरेज अँड बॉइस कंपनीच्या जमिनीचा होता. २६४ कोटींच्या निवाड्याला कंपनीने दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०२३ रोजी फेटाळले. न्यायालयात जाणे हा कंपनीचा हक्क होता. पण विलंबाचा विषय निघाला की आपण लगेच चाळीतल्या माणसाकडे बोट दाखवतो, त्याला तर वकिलाची पहिली फीदेखील परवडत नाही.

प्रतापनगर_क्वार्टर्स

मी रेल्वे कुटुंबातला आहे आणि मला येथे स्पष्ट विरोध नोंदवायचा आहे. चर्चेत भाडेकरू आणि मालक आले, पण रेल्वेच्या स्वतःच्या जमिनीवर बसलेल्या वस्त्यांचे काय? रुळांपासून हाताच्या अंतरावर झोपड्या आहेत, तिथली मुले रुळांवर खेळतात, आणि तिसरी लाइन टाकायची वेळ आली की पुनर्वसनाची मागणी होते. ज्याने वीस वर्षे हप्ते भरून माणेजा किंवा गोत्रीला दोन खोल्या घेतल्या त्याला काहीच नाही, आणि ज्याने सरकारी जागा अडवली त्याला घर, हा न्याय मला कळत नाही. अशाने पुढची जागा अडवायला लोकांना बळच मिळते. ज्याचा हक्क आहे त्याला भरपूर द्यावे, वेळेवर द्यावे, सन्मानाने द्यावे. ज्याचा हक्क नाही त्याला नोटीस द्यावी आणि जागा मोकळी करून घ्यावी.

वाडीतला_वकील

प्रतापनगर_क्वार्टर्स यांचा राग मी समजू शकतो, पण याच राज्यातले एक प्रकरण त्यांनी विचारात घ्यावे. सुरतेत उत्राण–भेस्तान दरम्यान रुळांलगतच्या झोपडपट्टीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने जागा रिकामी करून घ्यायला परवानगी दिली, म्हणजे जमिनीवर त्या लोकांचा हक्क मानला नाही. परंतु त्याबरोबरच पाडलेल्या प्रत्येक घरामागे सहा महिने दरमहा २,००० रुपये द्यायला सांगितले, तो खर्च रेल्वे, राज्य सरकार आणि महापालिका यांच्यात वाटून दिला, आणि रहिवाशांना प्रधानमंत्री आवास योजनेत अर्ज करण्याची वाट मोकळी ठेवली. आपली जमीन वर्षानुवर्षे अडवली जात असताना ज्यांनी डोळेझाक केली, त्यांच्याविषयीही न्यायालय कठोर बोलले. वस्तीला वीज येते, नळ येतो, मतदारयादीत नावे येतात आणि मग एका सकाळी ती बेकायदा आहे म्हणून यंत्र येते. या सगळ्या वर्षांची जबाबदारी फक्त झोपडीतल्या माणसाची, असे म्हणता येणार नाही.

प्रतापनगर_क्वार्टर्स

दोन हजार रुपयांत सुरतेत खोली मिळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मग हा निर्णय माझ्या बाजूचा की आपल्या? त्याने जमीन सुटली, पण माणसाची सोय झाली नाही. माझे म्हणणे कायम आहे, की अतिक्रमण पहिल्या महिन्यात हटवण्याची जबाबदारी ज्या अधिकाऱ्याची होती त्याला जाब विचारा, म्हणजे वीस वर्षांनी कोणाचे घर पाडावे लागणार नाही.

करजणची_सून

आमच्या सासऱ्यांच्या वडिलांपासूनची जमीन करजण तालुक्यात आहे आणि तिच्यातून एका मार्गासाठी पट्टा गेला, म्हणून लिहिते. येथे सगळे जण पैसा, यादी आणि कोर्ट यांवर बोलत आहेत. आमच्या घरी जे झाले ते यांपैकी कशातच बसत नाही.

पहिली नोटीस आली तेव्हा तिच्यात सर्व्हे नंबर होता आणि क्षेत्र होते, नकाशा नव्हता. शेताचा कोणता भाग जाणार, हे ना तलाठ्याला सांगता आले ना मामलतदार कचेरीत कोणाला. त्या अनिश्चिततेत एक पूर्ण हंगाम गेला. ठिबकाच्या नळ्या बदलायच्या होत्या, त्या बदलल्या नाहीत. केळी लावायची होती, ती लावली नाही. शेवटी खुणेचे दगड रोवले तेव्हा कळले, की शेताचे दोन तुकडे होणार, विहीर अलीकडे राहणार आणि पलीकडे एक त्रिकोणी तुकडा उरणार, ज्यात ट्रॅक्टर वळवताही येत नाही. गेलेल्या जमिनीचे पैसे मिळाले आणि ते कमी होते असे मी म्हणणार नाही. त्रिकोणी तुकडा मात्र आजही आमच्या नावावर आहे आणि त्यात गाजर गवत उभे आहे. जमिनीचे तुकडे पडल्याने होणारे नुकसान मोबदल्यात धरायचे असते, हे आम्हाला फार उशिरा समजले.

दुसरी गोष्ट घरातली आहे, तरी सांगते. उताऱ्यावर मयत माणसांची नावे होती, वारसाई नोंद झालेली नव्हती, आणि दोन आत्यांचा हिस्सा कागदावर कधी आलाच नव्हता. पैसे येणार म्हटल्यावर ज्या बहिणी राखीला माहेरी येत होत्या त्यांच्याशी वकिलामार्फत बोलणे सुरू झाले. हे रेल्वेने केले असे मी म्हणत नाही. पण निवाडा जाहीर करण्याच्या आधी गावात बसून वारसाई नोंदी दुरुस्त करून देणारा एक कारकून महिनाभर पाठवला असता, तर किती घरे तुटण्यापासून वाचली असती. हे काम एखाद्या तुळईच्या खर्चापुढे काहीच नाही.

दांडियाबाजारकर यांच्याशी माझा एका बाबतीत मतभेद आहे. सुनावण्या आणि सभा यांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. आमच्याकडच्या सभेत ज्यांची नावे उताऱ्यावर होती ते पुरुष पुढे बसले आणि बोलले. शेतात रोज राबणाऱ्या बायकांना आणि मजुरांना कोणी काही विचारले नाही. मला सभेपेक्षा हातात नकाशा हवा होता, ज्यावर माझे शेत, माझी विहीर आणि जाणारा पट्टा तीन रंगांत दाखवला असता आणि खाली लिहिले असते, की या तारखेपर्यंत पीक घ्या.

डभोई_पॅसेंजर

जमीन न जाताही बाधित होणारा आणखी एक वर्ग आहे, त्याची नोंद असावी. गायकवाडांच्या राज्यातली डभोई–मियागाम ही छोटी लाइन १८६२ साली बैलांनी ओढलेल्या डब्यांपासून सुरू झाली आणि तिच्या आधाराने भोवतालच्या खेड्यांनी आपला व्यवहार बसवला. नॅरोगेजचे रुंदीकरण व्हायलाच हवे, यात वाद नाही. पण रुंदीकरण म्हणजे आधी गाडी बंद, आणि ती पुन्हा सुरू होईपर्यंत काही वर्षे जातात. दूध, भाजी, कापडाचे गाठोडे घेऊन स्वस्तात शहराला येणारी माणसे त्या काळात जीपच्या टपावरून आणि मागे लटकून येतात, आणि काहींचा धंदा कायमचा बंद होतो. त्यांच्यासाठी त्या काळापुरती त्याच भाड्यात बस चालवावी, एवढी साधी गोष्ट प्रकल्पाच्या खर्चात धरायला काय हरकत आहे?

स्थापत्य_निवृत्त

करजणच्या ताईंनी जे लिहिले त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण नकाशा नोटिशीबरोबर द्यायला खर्चही नाही आणि वेळही लागत नाही. आखणी पक्की झाल्याशिवाय तो देता येत नाही, एवढीच अडचण असते. आखणी पक्की झाल्यावर मात्र तो दाबून ठेवण्याचे कारण नाही. डभोईच्या बसचेही मला पटते.

दांडियाबाजारकर यांच्या तिसऱ्या मागणीला मात्र माझा विरोध आहे. वस्तीतल्या एका अभियंत्याला निर्णयाचे अधिकार दिले, तर प्रत्येक टप्प्यावर वेगळा निवाडा होईल. एका सोसायटीला खिडक्यांच्या काचा बदलून मिळतील, पुढची सोसायटी तेच मागेल, आणि लेखापरीक्षणात तो अभियंता एकटा सापडेल. शेजारच्या इमारतींच्या पाहणीलाही माझी हरकत नाही, पण मर्यादा हव्यात: पायापासून ठरावीक अंतरापर्यंतच्याच इमारती, आणि त्या जागेचे काम संपले की तीन महिन्यांत दावा, नंतर नाही. अमर्याद जबाबदारी घेऊन कोणीही काम करू शकणार नाही.

दांडियाबाजारकर

अंतराची मर्यादा मला मान्य आहे, आणि ती मातीच्या तपासणीवरून ठरावी. आपल्याकडे विश्वामित्री नदीच्या काठाची माती आणि अलकापुरीकडची माती सारखी नाही, त्यामुळे सगळीकडे एकच आकडा धरणे चुकीचे होईल.

तीन महिन्यांची मुदत मात्र मला कदापि मान्य नाही, आणि त्याचे कारण आपल्या क्षेत्रातलेच आहे. खोल खोदकाम करताना उपसलेल्या पाण्याने शेजारची जमीन बसते ती लगेच दिसतेच असे नाही; पावसाळ्यात माती फुगते, नंतर सुकते, आणि मग चुन्याच्या भिंतीत जोत्यापासून तिरका तडा वर चढतो. काम डिसेंबरात संपले आणि दावा मार्चमध्ये बंद झाला, तर जूनच्या पहिल्या पावसानंतर जे दिसेल त्याचा मालक कोण? म्हणून काम संपल्यावर निदान एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा एवढी मुदत हवी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीने शहरात काय केले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्या घरात कमरेएवढे पाणी शिरले त्याचा तडा पुराचा की खोदकामाचा, हे ठरवायला आधीची नोंद नसेल तर तिथे तज्ज्ञही हात वर करील.

आजोबांच्या काळचे तडे रेल्वेच्या नावावर लागतात, असे आपण म्हणालात. त्यावर जुना आणि स्वस्त उपाय आहे, जो आपल्यालाही माहीत असणार. तड्याच्या दोन्ही कडांवर आडवी काचेची पातळ पट्टी सिमेंटच्या दोन ठिपक्यांनी बसवायची आणि तिच्यावर तारीख लिहायची. तडा जुना आणि शांत असेल तर काच वर्षभर तशीच राहते. भिंत केसभर हलली तरी ती तडकते. माझ्या ओळखीच्या एका घरात शेजारच्या कामाच्या वेळी अशी पट्टी बसवली होती. घरातल्या आजी रोज देवपूजा झाली की ती पाहून यायच्या, आणि ती शेवटपर्यंत अखंड राहिली, तेव्हा त्या कुटुंबाने कोणतीही भरपाई मागितली नाही. त्या पट्टीमुळे कंत्राटदाराचाही बचाव झाला.

अभियंत्याच्या अधिकारांबाबत आपली हरकत योग्य आहे, तर रकमेची मर्यादा आणि ठरलेले दरपत्रक त्याच्या हाती द्यावे. पण तक्रार घेणारा आणि ती पुढे पाठवून हात झटकणारा एवढाच माणूस तिथे नको. आपल्याच वडोदऱ्याच्या लालबागेतल्या प्रतापविलास राजवाड्यात रेल्वेचे अधिकारी प्रशिक्षण घेतात. त्यांना तिथे तुळईचे वजन शिकवतात, तसे वस्तीत कसे जावे, यादी कशी करावी, पाहणीच्या कागदावर कोणाची सही घ्यावी, हेही शिकवता येईल, आणि त्यासाठी समोरच हे शहर आहे.

प्रतापनगर_क्वार्टर्स यांना एवढेच सांगतो, की अतिक्रमण पहिल्या महिन्यात हटवावे, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण जिथे ते झाले नाही तिथे निदान पावसाळ्याच्या तोंडावर आणि परीक्षांच्या दिवसांत यंत्र नेऊ नये.

आणि पाहणीच्या अहवालाची सही-शिक्क्याची एक प्रत त्या घरात राहिली पाहिजे. आज जिथे जिथे पाहणी होते तिथे छायाचित्रे कंत्राटदाराच्या संगणकात असतात, आणि वाद झाला की ती मागायलाच माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागतो.